शिरवण्याचा पांगारा

एक झाड बघायला कोणी पर्थहून पनवेलला जातं का, असं मला इथल्या मराठी मंडळींनी परतल्यावर विचारलं. जातं. मी गेलो होतो. तिथं गेल्यावर काय झालं तेही सगळ्यांना एकदाच सांगून टाकावं, म्हणून हे लिहितो आहे.

मी इथल्या नगरपालिकेच्या झाडांच्या खात्यात नोकरी करतो. गेली काही वर्षं आमचं काम म्हणजे झाडं लावण्यापेक्षा तोडणंच जास्त. आशियातून आलेला एक भुंगेरा इथल्या झाडांत शिरला आहे. तिळाच्या दाण्याहूनही लहान, काळा. तो लाकूड खात नाही. खोडात बोगदा पाडतो, तोंडातल्या पिशवीतून आणलेली बुरशी त्या बोगद्याच्या भिंतींवर पेरतो आणि तिच्यावर स्वतः जगतो, पोरं वाढवतो. ती बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत पसरते आणि झाड भर पाण्यात तहानेनं मरतं. त्यावर औषध नाही. झाडावर रंगाची खूण करायची, तोडायचं, भुगा करायचा.

माझ्या अंगणातल्या झाडावर खूण करायला सहकारी आले, तेव्हा मी त्यांना चहा केला. ते झाड माझ्या बायकोनं, कुंदानं, लावलेलं. रोपवाटिकेत कुंडीत दिसलं आणि ती तिथंच थबकली. "अरे, हा तर पांगारा!" तो आपला पांगारा नव्हता, त्याचा चुलत भाऊ म्हणा, पण फूल तसंच, लालभडक. कुंदाच्या माहेरी, पनवेलजवळच्या शिरवण्याला, घरामागे एक मोठा पांगारा होता. त्याच्याबद्दल ती जितकं बोलायची तितकं माहेरच्या माणसांबद्दल कधी बोलली नाही. ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी तिचं झाड गेलं. मग घरात मला काही करमेना. तो मूळचा पांगारा एकदा डोळ्यांनी बघावा, एवढंच डोक्यात बसलं.

करंजाडे

माधुरी माझी कॉलेजातली वर्गमैत्रीण. पनवेलच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, बुरशी हा तिचा विषय. राहते करंजाड्याला. मी देश सोडला तेव्हा करंजाडे म्हणजे नुसती शेतं होती; आता बाल्कनीत उभं राहिलं की समोरच्या बाल्कनीतल्या माणसाच्या ताटात काय आहे ते दिसतं. पर्थला शेजारी काय जेवतो हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. करंजाड्यात पहिल्याच सकाळी समोरच्या काकूंनी हात उंचावून विचारलं, "पाहुणे कुठले?" माधुरीनं ओरडून उत्तर दिलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला मी 'ऑस्ट्रेलियावाले' म्हणून माहीत झालो.

"तुझा तो भुंगेरा इथलाच आहे," पोह्यांवर खोबरं भुरभुरत माधुरी म्हणाली. "त्याच घराण्यातले इथं पूर्वीपासून आहेत. पडलेल्या फांद्यांत, एरंडात, कुठंही मिळतात. पण इथं त्यांनी रस्त्यांवरची झाडंच्या झाडं मारल्याचं मी तरी पाहिलं नाही."

"का पण?"

"ये कॉलेजला. दाखवते."

तिच्या प्रयोगशाळेत पंख्याचा आवाज आणि स्पिरिटचा वास होता. तिनं एक काचेची बशी उजेडात धरली. एका बाजूनं भुंगेऱ्याची बुरशी कापसासारखी वाढत आलेली. दुसऱ्या बाजूनं हिरवट रंगाची वेगळीच बुरशी. मधे एक रिकामी पट्टी, दोघींपैकी कोणीच ओलांडलेली नाही.

"ही हिरवी कुठून आणली?"

"झाडाच्या आतून. निरोगी लाकडातूनच मिळाली. झाडं आतून रिकामी नसतात रे. कितीतरी बुरश्या त्यांच्यात गुपचूप राहतात, काही त्रास न देता. जुने भाडेकरू समज. नवा आला की त्याला खोली मिळू देत नाहीत." मग तिनं बशी खाली ठेवली. "आणि झाड स्वतःही भांडतं. सालीत कडू, तुरट द्रव्यं साठवतं. भोक पडलं की बुरशी पुढं सरकू नये म्हणून आजूबाजूच्या नळ्या स्वतःच बुजवतं. हे वेळेवर आणि बेतानं झालं तर झाड वाचतं. उशीर झाला, किंवा घाबरून सगळ्याच बुजवल्या, तर संपलं. इथल्या झाडांना या पाहुण्याची फार जुनी सवय असावी. तुमच्याकडच्यांना नाही."

"म्हणजे कुंदाच्या झाडाला ती सवय नव्हती म्हणून..."

"असावी म्हटलं मी. सिद्ध झालंय असं नाही म्हटलं." ती हसली नाही. "हे सगळं बशीतलं आहे. झाडात काय चालतं ते बघायला मला एखादा जुना पांगारा हवाय. माझ्याकडचे सगळे कोवळे. मधे पानांवर गाठी आणणारी माशी आली होती, त्यात जुने बरेच गेले. तुझ्या माहितीत आहे एखादा?"

एक होता. पण त्याच्यापर्यंत जायचं म्हणजे एका दारासमोर उभं राहायला लागणार होतं. मी म्हणालो, "शिरवण्याला, कुंदाच्या माहेरी. पण आधी दुसरीकडे शोधू."

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर

दुसऱ्या दिवशी माधुरीच्या गाडीतून आम्ही बंदराच्या दिशेला निघालो. उरणकडे जुनी झाडं असतील असा तिचा अंदाज होता. कंटेनरच्या ट्रेलरांची रांग संपता संपत नव्हती. एका ठिकाणी रिकाम्या लाकडी फळ्यांच्या चौकटींची चवड रचलेली दिसली. असलीच लाकडं जगभर फिरतात आणि त्यांच्याच पोटात बसून कीटकही फिरतात. माझा हात शिवशिवला. मी उतरून एका फळीवर उष्णता देऊन निर्जंतुक केल्याचा शिक्का आहे का ते वाकून बघू लागलो, तर मागून शिट्टी वाजली.

"ओ काका! क्या चाहिए? लकडा चोरताय काय?" सुरक्षारक्षक धावत आला.

"किडे बघतोय," मी म्हणालो. खरं उत्तर होतं, पण त्याला ते फारच वाईट वाटलं असावं. त्यानं दुसऱ्या रक्षकाला बोलावलं. माधुरीनं कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं तेव्हा कुठं आम्ही सुटलो. वर तो म्हणाला, "म्याडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. यांना सांभाळा."

तिथल्या टपरीवर चहा घेताना मला दूरवर एक उघडं झाड दिसलं. पानं नाहीत, फांद्याफांद्यांवर लाल फुलं. मी कप टाकून चालायलाच लागलो. बांधावरून, चिखलातून, काटेरी कुंपणात सदरा अडकवून तिथं पोचलो. खोडाला काटेही होते. मी त्याला हात लावला आणि खरं सांगतो, काटे चुकवून कपाळ टेकलं.

मागून धापा टाकत माधुरी आली. तिनं खाली पडलेलं एक फूल उचललं. जाड, मांसल, पेल्यासारखं.

"अशोक, ही काटेसावर आहे."

आयुष्य झाडांत काढलेला माणूस मी! आम्ही दोघंही तिथं बांधावर बसून खूप हसलो. हसता हसता ती थांबली आणि म्हणाली, "तू शिरवण्याला का जात नाहीस?"

शिरवणे

का जात नव्हतो ते सांगतो. कुंदा आगरी, शिरवण्याची. मी त्या गावचा नाही, त्या जातीचा नाही. माझे वडील परभणीकडून नोकरीला आलेले, आमच्या घरात बुद्धाची मूर्ती. आम्ही लग्न केलं आणि तिच्या घराचं दार बंद झालं. आई-वडील गेले ते तिला न भेटता. उरला मोठा भाऊ, परशुराम. कुंदा गेली तेव्हा मी त्याला फोन केला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

नेरूळच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की शिरवणे एकदम अंगावर येतं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या इमारती एकमेकींच्या कानात बोलतायत असं वाटावं. कुंदानं सांगितलेलं कौलारू घर कुठंच नव्हतं. विचारत विचारत गेलो. त्या जागी चार मजल्यांची इमारत, वर भाडेकरू, खाली घरमालक.

दार एका बाईंनी उघडलं. "कोन पायजे?"

"परशुरामदादा आहेत का? मी अशोक. ऑस्ट्रेलियाहून आलोय."

त्या हात पुसता पुसता थांबल्या. "कुंदाचे..." म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या. या वहिनी, परशुरामदादाची बायको. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं दादा आला. उंच, पांढरा बनियन, गळ्यात जाड साखळी, आणि कुंदाचे डोळे. मला त्या डोळ्यांकडे बघणं अवघड गेलं.

"कवा आयलास?"

"झाले चार-पाच दिवस."

तो बसला नाही. मीच धीर केला. "दादा, घरामागे पांगारा होता असं कुंदा सांगायची. आहे का अजून?"

तो मागच्या दाराकडे चालू लागला.

दोन इमारतींच्या फटीत पांगारा उभा होता. बुंधा माझ्या कवेत मावला नसता. एकही पान नाही. उजेड शोधत तिसऱ्या मजल्यापर्यंत सरळ चढलेला, आणि तिथं भाडेकरूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये त्याची लाल फुलं घुसलेली. कावळे, साळुंक्या मधावर तुटून पडलेल्या. खाली जमीन पाकळ्यांनी लाल. फेब्रुवारी संपत आला की कुंदा पर्थच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणायची, "आता फुलला असेल बघ." तो खरंच फुलत होता, दरवर्षी.

मग सवयीनं माझी नजर खोडावर गेली. भोकं. बॉलपेनच्या टोकाएवढी, गोल. पर्थला एवढ्यावर मी रंगाचा डबा उघडला असता. पण जवळ गेलो तर बहुतेक जुनी होती. कडेनं साल वाढून आत वळलेली, तोंडं मिटत आलेली.

"ही भोकं कधीपासून आहेत?"

"बापाच्या टायमापासून. कुंदी त्यात टाचनी घालून बघायची, किती खोल हाय." तिचं नाव त्याच्या तोंडून आपसूक निघालं. त्यानं तोंड फिरवलं.

मी त्याला सगळं सांगितलं. भुंगेरा, बुरशी, माधुरीचं काम, आणि तिला या झाडाच्या लाकडाचे बारीक तुकडे हवे आहेत हेही. पर्थच्या अंगणातलं झाडही सांगितलं.

"तिनं तिकडं पांगारा लावलेला?"

"हो."

"आनि तू कापलास."

"कापावा लागला. माझ्याच खात्यानं."

"तिकडं कापलास, आता हितं पन हत्यार लावाला आयलास." आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "जा तू."

वहिनी दारापर्यंत आल्या. त्यांनी माझा नंबर मागून घेतला, एवढंच.

त्या संध्याकाळी मी माधुरीकडे नीट जेवलो नाही. झाड पाहिलं होतं, म्हणजे काम झालं होतं. तरी काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटत राहिलं.

परत शिरवणे

सकाळी फोन वाजला. वहिनींनी नंबर दिला असावा; पलीकडे दादा होता.

"तिनं सोताच्या हातानी लावलेला?"

"हो, दादा. मला खड्डासुद्धा खणू दिला नाही."

"फुलं यायची?"

"यायची. पहिल्यांदा फुललं तेव्हा तिनं अख्ख्या गल्लीला चहाला बोलावलं. गोऱ्या लोकांना काही कळेना, हे कशाचं बारसं."

तो हसला की खोकला, कळलं नाही. "तुमच्या त्या म्याडमना घेऊन या. जेवालाच या."

माधुरी तिच्या पेटीसकट आली. पटाशी स्पिरिटनं पुसून, ज्योतीवर धरून तिनं एका जुन्या भोकाशेजारची साल उचलली आणि नखाएवढे तुकडे काढून नळीत घातले. दादा मोबाईलची बॅटरी धरून उभा होता. तिचा हात हलला की त्याचा चेहरा आक्रसायचा. वाळलेल्या एका फांदीत तिला भुंगेरा सापडला. तिनं तो भिंगाखाली त्याला दाखवला.

"यवढासा?" तो म्हणाला. "यानं तिकडं जंगलं खाल्ली?"

"घराणं तेच दिसतंय. नेमका तोच का, ते तपासून सांगेन," माधुरी म्हणाली.

"मंग आमचा का नाय मेला?"

"तेच शोधतेय, दादा."

"जगंल न पन?"

"त्यानं त्याच्या जखमा बऱ्या केल्यात. किड्यापासून मला त्याची भीती वाटत नाही. माणसापासूनचं तुम्ही सांगा."

वहिनींनी जेवायला हाक मारली. तांदळाच्या भाकऱ्या तव्यावरून थेट ताटात, बोंबलाचं कालवण, सुका जवळा, कच्चा कांदा. कुंदा पर्थला मिळेल त्या पिठाच्या असल्या भाकऱ्या थापायची आणि दरवेळी चिडायची, "पीठच तसं नाही." मला ते त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. वहिनी वाढताना "भावजी, आनखी एक" म्हणाल्या. भावजी. मी मान खाली घालून खात राहिलो.

"पोरगा बोलतो, तो पांगारा काढ, दोन गाड्या उभ्या रातील," दादा म्हणाला. "बरोबर हाय त्याचं. जागा कुठं हाय?"

"मग ठेवलात कसा?" माधुरीनं विचारलं.

तो भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच थांबला.

"जुना घर पाडला. शेती गेली, मिठागर गेला. गल्ली पन जुनी नाय रायली. मी बोललो, ती कवा आयलीच, तर घर वलखल कशावरनं? म्हनून ठेवला."

वहिनी आत निघून गेल्या. मला सांगायचं होतं की ती आली होती. भारतात आम्ही जितक्यांदा आलो, तितक्यांदा तिनं सायन-पनवेल रस्त्यावर टॅक्सी हळू करायला लावली, काच खाली केली, आणि वळण आलं की म्हणाली, "चल, सरळ चल." मी ते सांगितलं. सांगायला नको होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही. दादा उठला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ नळ वाहत होता.

निघताना त्यानं पांगाऱ्याची मनगटाएवढी फांदी तोडून आणली. "ही ने. जमिनीत नुसती खोवली तरी लागते. आमच्या बापानं कुंपनाला खोवलेली काठी, तिचा यो झाड झाला."

मी त्याला समजावलं की तिकडच्या विमानतळावर एक पानसुद्धा नेता येत नाही, आणि न नेऊ देणाऱ्यांच्याच बाजूचा मी माणूस आहे. अशाच एखाद्या लाकडातून तो किडा तिकडे गेला. त्यानं फांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मंग हितंच लाव. तुझ्या हातानी."

जागा अशी नव्हतीच. पाण्याच्या टाकीमागे, भिंतीलगत, हातभर माती होती. आदल्या दिवशी त्यांनी तिथली जमीन शिंपली असावी, चिखल होता. मी फांदी रोवली, त्यानं पायानं माती दाबली, मीही दाबली. वहिनींनी तांब्याभर पाणी घातलं.

पर्थ

निघायच्या आदल्या दिवशी माधुरीनं बश्या दाखवल्या. काही तुकड्यांतून काहीच उगवलं नव्हतं, काहींतून साधी बुरशी. पण जुन्या भोकालगतच्या दोन तुकड्यांतून एक करडी बुरशी आली होती, आणि तिच्यासमोर ठेवलेली भुंगेऱ्याची बुरशी अडून बसली होती. "खूप आनंद नको मानूस," ती म्हणाली, पण स्वतः ती बशी परत परत उजेडात धरत होती. "पावसाळ्यानंतर पुन्हा घेईन. दादांनी मला परवानगी दिलीय. वर म्हणाले, जेवल्याशिवाय गेलात तर बघा."

पर्थच्या विमानतळावर, पायांना शेतातली किंवा झाडाखालची माती लागली आहे का, असं विचारतात. मी हो म्हणालो. आमच्या खात्यातले सगळे हो म्हणतात. अधिकारी तरुण मुलगी होती, फार नम्र. तिनं माझे बूट मागितले. तळव्यांच्या खाचांत शिरवण्याची माती वाळून बसली होती, आणि तिच्यात चिकटलेली एक लाल पाकळी. तिनं चिमट्यानं पाकळी काढून पिशवीत घातली, पिशवी बंद केली आणि बूट आत घेऊन गेली. मी मोज्यांवर उभा राहिलो. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. बूट परत आले तेव्हा ओले होते आणि नव्यासारखे स्वच्छ.

घरी आलो. कुलूप काढलं, दिवा लावला, बूट दाराबाहेर वाळत ठेवले. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलास काय?" परशुरामदादाचा आवाज.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, किती प्रवास केले आम्ही. हा प्रश्न शिरवण्याहून या घरात कधी आला नव्हता. कुंदा दरवेळी पोचल्यावर फोन समोर ठेवून, बॅगा न उघडता, थोडा वेळ नुसती बसून राहायची.

"पोचलो, दादा," मी म्हणालो.

"बरा झाला," तो म्हणाला. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. पण फोन ना त्यानं ठेवला, ना मी.